छबूबाईच्या अंगणातला रविवार

"लिहा मॅडम, आजपासून गावात येशूची प्रार्थना बंद," सरपंच आदिनाथ म्हणाला आणि लढाई जिंकल्यासारखी त्याने मंडपभर नजर फिरवली.

ग्रामसेविका स्नेहलने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "धर्माचं नाव घालून बंदीचा ठराव होत नाही, सरपंच. वर गेला तर पहिली चौकशी माझी लागेल. कुणी कुठला देव मानायचा हे ग्रामसभा ठरवत नसते."

"मग नाव न घालता लिहा की!"

मारुतीच्या मंडपात बायकांच्या बाजूला मी खांबाला टेकून बसले होते. मान वर करायची लाज वाटत होती, कारण हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं होतं.

घोडेगावच्या पुढे आमचं गाव. इथल्या उपकेंद्रात मी एकतीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तरी लोक अजून सिस्टरच म्हणतात. त्यातली पहिली सव्वीस वर्षं छबूबाई माझ्याबरोबर अर्धवेळ परिचर म्हणून होती. अर्धवेळ हे फक्त पगारापुरतं. लसीचा डबा डोक्यावर घेऊन वस्त्यावस्त्यांवर माझ्यापुढे चालणारी, अडलेल्या बाळंतिणीला शिव्या देऊन हसवणारी ती बाई. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा भीमा गेला आणि त्यानंतर ती रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली. पुढे ती प्रार्थना तिच्याच अंगणात भरू लागली. दहा-बारा बायका, एक ढोलकी, एक चटई. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

पण दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावचा एक उपदेशक आला आणि म्हणाला, विश्वास पक्का असेल तर गोळ्या कशाला? छबूबाईने शुगरच्या गोळ्या बंद केल्या. पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली आणि नगरला नेईपर्यंत अंगठ्याशेजारचं बोट काढायची वेळ आली. त्या रागात मी आदिनाथला म्हणाले होते, "त्या माणसाचं काहीतरी कर रे." निवडणूक जवळ आलेल्या माणसाला असं काही मोघम सांगू नये. त्याने त्या माणसाला सोडलं आणि देवालाच धरलं.

"हां, लिहा," आदिनाथ पुन्हा सुरू झाला. "कुणाच्याबी अंगनात दहाच्यावर मानसं जमून देवाचं नाव घेनार न्हाईत."

बायकांमध्ये एकदम गलका झाला. "मंग आमचं मंगळवारचं भजन रं आदिनाथा? आमी काय नऊ-नऊच्या टोळ्या करायच्या व्हय?"

"बरं बरं, ते खोडा. बाहेरगावच्या मानसाला बोलावून धर्माचं भाषन ठेवायचं न्हाई, असं लिहा."

"आन सप्त्याचे महाराज?" मागून कुणीतरी ओरडलं. "ते काय तुझ्या गोठ्यातून आनायचे?"

मंडप असा हसला की वरची कबुतरं उडाली. स्नेहल मान खाली घालून हसू दाबत होती. आदिनाथ लाल झाला, पण मागे हटणारा नव्हता. "ऱ्हाऊ द्या ते! देवाच्या नावानं आजार बरा करतो म्हनंल, त्याला गावात बंदी. आता बोला!"

सगळ्यांनी हळूहळू बन्सीकडे पाहिलं.

बन्सी हा आमच्या मरीआईचा पुजारी. अंगारा देतो, गंडा बांधतो, कावीळ उतरवतो. तो निवांत तंबाखू मळत होता. "आदिनाथ," तो म्हणाला, "तुझी कावीळ कोनी उतरवली रं?"

"तुमीच की, तात्या."

"मंग मी आता गाव सोडू का जेवून जाऊ?"

मला राहवलं नाही. "बन्सीभाऊ, त्याची कावीळ माझ्या सलाईनने उतरली. पाच लावल्या होत्या. खोटं बोलू नका, मरीआई बघतेय."

"तुमी लावल्या व्हत्या, सिस्टर. पन तुमच्याकडं त्याला धाडला कोनी?" बन्सी हसला. "मी अंगारा लावतो आन म्हनतो, आता उपकेंद्रात जा. तवाच तर माझ्या अंगाऱ्याला गुन हाय!"

हे मात्र खरं होतं. पण बन्सी काही असा जन्मापासून नव्हता. त्याला त्या वळणावर आणला छबूबाईने.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. वस्तीवर गोवर आला होता. देवी आली म्हणायचे आणि दाराला लिंबाचा डहाळा लावून बसायचे. औषध दिलं की देवी कोपते, म्हणून मला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. मी सत्तावीस वर्षांची, गरम डोक्याची. तो डहाळा ओढून फेकायला निघाले, तर छबूबाईने माझा हात धरला. "देवीला हाकलू नगा, सिस्टर. तिच्या शेजारी बसू आपन." ती आत गेली, लेकराच्या उशाशी बसून हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाली, "आई, ही नगरची पोरगी औषिद घेऊन आलीय. तूच धाडलीस न्हवं?" लेकराच्या आजीने थोडा वेळ वाट पाहिली. देवी काही 'नको' म्हणाली नाही. मग आजीने मला वाटी-चमचा आणून दिला. बन्सी तेव्हा दारात उभा राहून सगळं पाहत होता. पुढच्या घरी ते वाक्य त्यानेच म्हटलं.

इतकं मला आठवत होतं आणि तरी या वयात मी डहाळा ओढायला निघाले होते. मी उठले.

"सरपंच, तक्रार माझी होती. ती गोळ्यांची होती, देवाची नव्हती. प्रार्थना बंद करा असं मी म्हटलं नव्हतं."

"पन सिस्टर, छबूमावशीचं बोट गेलं ना? तुमीच रडत हुत्या."

"व्हय, गेलं. माझं गेलं." आवाज मागून आला. छबूबाई काठी टेकत, पट्टी बांधलेला पाय उचलून ठेवत मंडपात येत होती. दोघी बायकांनी तिला हात दिला, तर तिने त्यांनाच बाजूला केलं. "बोट माझं, अंगन माझं, आन ठराव मला न इचारता?"

कुणी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"त्यो मानूस गोळी सोड म्हनला, आन मी सोडली. सव्वीस वरसं सिस्टरच्या हाताखाली काढून माझी अक्कल गवत खायला गेल्ती. चूक त्याची, तशी माझी. पन आदिनाथा, प्रार्थनेला का जाते, इचारलंस कधी? तिथं माझं नाव घेऊन मागत्यात. छबूबाईच्या जिवाला आराम दे, असं. जल्मभर मी नवऱ्यासाठी उपास केले, पोरांसाठी नवस केले. माझ्यासाठी देवाकडं कुनी काय मागितलं न्हवतं. तेवढं तुमी बंद करनार?"

आदिनाथने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला लहानपणी डोस पाजताना त्याचं नाक धरणारी हीच बाई होती.

"आन त्यो परत आला तर, मावशी?"

"आला तर गानी म्हन म्हनंन. गोळीचं बोलला, तर माझ्या अंगनात त्याला चटई न्हाई. त्याला मी बघते, तुमी काय बघता!"

स्नेहलने टोपण काढलं. "हे लिहिता येईल," ती म्हणाली आणि लिहिता लिहिता वाचू लागली: "चालू औषध बंद करायला जो सांगेल, तो कोणत्याही देवाचा असो, त्याची तक्रार आरोग्य खात्याकडे आणि पोलिसांत करण्यात येईल."

"मला बी लागू?" बन्सीने विचारलं.

"तुमाला बी," छबूबाई म्हणाली.

"चालतंय," म्हणत त्याने पहिला हात वर केला.

त्या रविवारी सकाळी मी पट्टी बदलायला छबूबाईकडे गेले. अंगणात गाणं चाललं होतं. ती कडेला पाटावर बसून टाळ्या वाजवत होती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि तिचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. तिने झटकन मागे ओढला.

"अवो सिस्टर! पाय लागतोय माझा."

"लागू दे. हलवू नकोस."

मी पुन्हा पाय मांडीवर घेतला आणि जुनी पट्टी ओली करून सोडवू लागले. जखम लाल होती, स्वच्छ होती, भरत आली होती. टिंक्चर झोंबलं की तिचा पाय हले आणि टाच माझ्या साडीला लागे. प्रत्येक वेळी ती गाणं न थांबवता वाकायची, बोटांनी माझ्या गुडघ्याला शिवायची आणि ती बोटं आपल्या कपाळाला लावायची.