पुसलेली चौथी चौकट

मी एक जुना पांढरा फळा आहे. माझा उजवा कोपरा चेपला आहे आणि एक चाक फिरत नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्यावर घडून गेलेल्या गोष्टी लिहितात. माझ्यावर मात्र न घडलेल्या गोष्टी लिहीत.

पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून मला ॲडलेडला घडवले. तिथून मी मरे नदीकाठच्या एका बागायतदार संघाच्या सभागृहात आलो. नदीचे पाणी पंपाने उचलून दोनशे कुटुंबांच्या संत्र्यांना आणि द्राक्षांना पोचवणे, हे संघाचे काम. लावलेले झाड तीस वर्षे उभे राहते, म्हणून संघालाही तेवढे पुढचे बघावे लागे.

पंपघर सांभाळणाऱ्या थेक्ला वारूखासने पहिल्याच दिवशी माझ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार चौकटी झाल्या. पहिलीत लिहिले, नदी आटते. दुसरीत, पाणी आहे पण संत्र्यांना गिऱ्हाईक नाही. तिसरीत, तरुण मंडळी शहरात जातात. चौथीत, महापूर. संघात रीत पडली की कोणताही मोठा निर्णय या चारही चौकटींपुढे न्यायचा आणि विचारायचे, "इथे हा टिकेल का?" यांतली खरी कोणती, हे विचारायचे नाही.

मग सात वर्षांचा दुष्काळ आला. पहिल्या चौकटीतले शब्द जसेच्या तसे खरे ठरले.

"फळ्याने आधीच सांगितलं होतं!" लोक म्हणू लागले. दुसऱ्या संघांतली माणसे मला बघायला येत. मित्रांनो, मी फुशारलो. खरे तर मी काहीच सांगितले नव्हते. चारांतली एक गोष्ट घडली होती, एवढेच. पण त्या कौतुकाने घात केला. संघाचा अध्यक्ष लायल श्मिर याने दुष्काळात स्वतःची अर्धी बाग स्वतःच्या हाताने तोडली होती. त्याच्या मनात आता पहिल्या चौकटीशिवाय काही उरले नव्हते. त्याने बाकीच्या तीन पुसून टाकल्या. महापुराच्या जागी सभेला केक कोण आणणार याची यादी आली.

जुना पंप थकला. नदी आटली तरी पाणी उचलता यावे म्हणून नवे पंपघर अगदी खाली, नदीच्या पात्रालगत बांधायचे, असा ठराव सभेपुढे आला.

"लायल, चौथी चौकट कुठे गेली?" थेक्लाने विचारले.

"पुसली. अगं, या नदीतून मी बूट न भिजवता पलीकडे गेलोय. पूर कसला काढतेस?"

द्राक्षवाला कोस्टा मेलिडिस मागून ओरडला, "तिला पोहता येत नाही ना, म्हणून!"

सगळे हसले.

"हसा. पण पाणी चढलं तर पंपांच्या तीन मोटारी काढणार कशा, तेवढं सांगा."

"चढणारच नाही, तर काढायच्या कशाला?"

हात वर झाले. थेक्ला हरली. पण ती खाली बसेना. "निदान त्या सिमेंटात जाम करू नका. बोल्टवर बसवा, उचलायला कड्या ठेवा."

"बसव बाई तुझे बोल्ट! आता चहा घेऊ दे."

माझी रवानगी संत्री भरायच्या शेडमध्ये झाली. एका फोर्कलिफ्टने माझा कोपरा चेपला. कोणी विचारपूस केली नाही.

चार वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर, वरच्या राज्यांत तुफान पाऊस झाला. आमच्याकडे ते पाणी यायला आठवडे लागतात. तरी "इथवर येईतो ओसरेल" म्हणत सगळे थांबले. मग नदी रोज वीतभर चढू लागली. एका सकाळी थेक्लाने मला ट्रकवर घातले आणि पंपघराजवळ काठावर उभे केले. ती दर अर्ध्या तासाने माझ्यावर पाण्याची उंची लिही. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा.

क्रेनवाला म्हणाला, "काठ मऊ पडलाय. तासाभराने मी इथे थांबणार नाही."

पहिली मोटार निघाली. दुसरी निघाली. तिसरीचे बोल्ट पाण्याखाली गेले होते. लायल छातीभर पाण्यात पाना घेऊन चाचपडत होता. कोस्टाने त्याच्या कमरेची दोरी धरली होती.

"लायल, बाहेर ये!"

"एकच राहिलाय!"

"मोटार दुसरी आणता येईल, तू नाही. ये म्हणते ना!"

काठाला भेग पडलेली मला दिसत होती. मित्रांनो, फळ्याला तोंड नसते. थेक्लाने कोस्टाच्या मागून दोरी धरली आणि दोघांनी लायलला ओढून काढले. मला मागे ढकलले, क्रेनही मागे सरली. मग काठ खचला आणि पंपघर तिसऱ्या मोटारीसकट नदीत गेले.

वाचलेल्या दोन मोटारी उंचावर बसवल्या. त्या उन्हाळ्यात दोन तृतीयांश बागांना पाणी मिळाले. कोस्टाची द्राक्षे बुडालेल्या तिसऱ्या मोटारीच्या पाटावर होती. ती वाळली. चूक साऱ्या सभेची होती, भोगावी लागली त्याला.

पूर ओसरल्यावर लायलने मला पुन्हा सभागृहात आणले, स्वतः पुसले आणि रेघा मारल्या. चौथ्या चौकटीत तो 'महापूर' लिहायला लागला, तसा थेक्लाने त्याचा हात धरला.

"पूर आता सगळ्यांना ठाऊक आहे. जे ऐकून तुला हसू येतं, ते लिही."

लायलने लिहिलेले अक्षर बोटाने पुसले. मग त्याने लिहिले, 'आपलीच माणसे म्हणतात, संघ नको.'

मागे कोणीतरी हसले. कोस्टा म्हणाला, "हसू नका. मागच्या महिन्यात मीच तसं म्हणालो होतो." मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि तो त्या चौकटीसमोर बसला.

मित्रांनो, मला पुढचे काही दिसत नाही. मला भविष्य विचारू नका आणि माझा जयजयकारही करू नका. मला स्वच्छ ठेवा. पण एखादी चौकट पुसण्याआधी तिच्यासमोर खुर्ची घेऊन जरा बसा. ती पुसली, तरी तिच्यातले पाणी तुमच्याकडे यायचे थांबत नाही.