पाठीचं कापड

"वळ," निकांद्रो म्हणाला, आणि होणाऱ्या जावयाचे दोन्ही खांदे धरून त्याने स्वतःच त्याला वळवलं. कोटाला अजून बाह्या लागल्या नव्हत्या, जिकडेतिकडे पांढरे कच्चे टाके. कॉलरपासून कमरेपर्यंत त्याने तळहात एकदाच फिरवला. तेवढ्यानेच त्याला कळायचं ते कळलं.

"डावा खांदा उतरता आहे तुझा. आत थोडा कापूस भरतो."

"रेल्वेच्या कारखान्यात हातोडा मारून मारून झालाय तसा, मास्तर," ओत्तावियो म्हणाला.

"मास्तर काय म्हणतोस? शनिवारपासून सासरा होणार तो तुझा," खुर्चीत पसरलेला कामिल्लो म्हणाला. "कोट फुकटात शिवून घेतोयस, निदान पापा म्हणायला तरी सुरुवात कर."

कामिल्लोचं वाण्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत. निकांद्रोच्या मुलीचा, एर्सिलियाचा, तो बाप्तिस्म्यापासूनचा धर्मबाप. युद्धाच्या काळात कैद्यांच्या छावणीत दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खिशात ऑलिव्ह घेऊन तो इथे येऊन बसायचा आणि बिया मुठीत जमवत बसायचा.

"नवऱ्याचा कोट होतोय, नवऱ्याच्या बापाचा झाला, माझाही होत आलाय," तो म्हणाला. "आणि तुझा रे? चार दिवसांवर आलंय लग्न."

निकांद्रोने पटकन चार टाचण्या तोंडात धरल्या. शिंप्याला ही एक मोठी सोय असते. उत्तर द्यायचं नसलं की टाचण्या धराव्यात, लोकांना वाटतं कामात आहे.

ओत्तावियो कोट उतरवून गेला तरी टाचण्या तोंडातच होत्या.

"काढ त्या," कामिल्लो म्हणाला. "मी काय गिऱ्हाईक आहे का तुझा?"

निकांद्रोने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "तूच ने तिला वेदीपर्यंत. धर्मबाप आहेस. मी मागे बसेन, शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून."

"वेडबीड लागलंय का तुला? बाप जिवंत असताना मी कोण टिकोजीराव?"

"अख्खं चर्च मागून बघत असतं, कामिल्लो."

कामिल्लोचं चघळणं थांबलं. त्याला कळलं. छावणीत राहिलेल्या कुणालाही कळलं असतं.

इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली त्या दिवशी संध्याकाळीच पोलीस या दुकानात आले होते. निकांद्रो तेव्हा बावीस वर्षं कॅनडात, माँट्रियलमध्ये होता. त्याचा गुन्हा एवढाच की इटालियन मंडळाच्या बँडचे गणवेश त्याने शिवले होते, सोनेरी गोंड्याचे. चर्चच्या मिरवणुकीत पोरं ते घालून तुतारी फुंकायची. पण गणवेश शिवणारा म्हणजे सैन्य उभारणारा, असा साहेबांचा हिशेब. गोंडे काय, बंदुका काय, त्यांना सारखंच. एका संध्याकाळीत माणूस शत्रू झाला आणि ओन्टारिओच्या जंगलातल्या छावणीत जाऊन पडला.

तिथे प्रत्येकाला निळा कोट मिळे, आणि त्याच्या पाठीवर मधोमध ताटलीएवढं लाल वर्तुळ. कुणी पळालाच तर बंदुकीला नेमाची जागा शोधावी लागू नये. ते वरून शिवलेलं चालत नसे, कारण टाके उसवून कुणी काढून टाकलं असतं. म्हणून पाठीचं चांगलं कापड गोल कापायचं आणि त्या भोकात लाल कापड बसवायचं. तुमच्यात शिंपी कोण आहे, असं पहिल्याच आठवड्यात सार्जंटने विचारलं. निकांद्रोने भाबडेपणाने हात वर केला. त्याला वाटलं, निदान हाताला काम मिळेल.

मिळालं. शेकडो कोटांच्या पाठी त्याने कापल्या. वाकडंतिकडं शिवावं असं रोज वाटायचं, पण हाताला वाईट शिवायची सवयच नव्हती. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. "मास्तर, काय बेमालूम बसवलंयस रे," कामिल्लो तेव्हा म्हणायचा, "माझी बायको बघेल तर म्हणेल, असाच रविवारचा पण शिवून आणा." सगळे हसायचे. निकांद्रोही हसायचा आणि रात्री उताणा झोपायचा, कधी कुशीवर नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने असुंता, त्याची बायको, गेली. छावणीच्या पाद्र्याने पटांगणात, बर्फात उभं राहून सांगितलं. दफनाला जायची परवानगी मिळाली नाही. त्या दिवशी नवीन माणसं आली होती, म्हणून निकांद्रो मशीनवर बसला आणि त्याने त्यांच्या पाठी कापल्या. दुसरं करणार तरी काय होता तो?

सुटून आल्यावर पहिलं काम त्याने केलं ते आरशाचं. दुकानात तीन फळ्यांचा आरसा होता, गिऱ्हाइकाला स्वतःची पाठ दिसावी म्हणून. त्याच्या बाजूच्या दोन्ही फळ्या त्याने भिंतीकडे वळवून ठेवल्या. ट्राममध्ये तो मागच्या पत्र्याला टेकून उभा राही. रविवारी प्रार्थनेला सगळ्यांत शेवटी, खांबापाशी. ओळखीचं कुणी भेटलं तर बोलत बोलत आधी भिंत गाठायचा, मग माणूस. लोक म्हणत, निकांद्रो फार तुटक झाला. झाला होताच. आता एर्सिलिया सासरी गेली की या घरात तो आणि त्या उलट्या फळ्या एवढेच उरणार होते, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मागच्या खोलीचा पडदा सरला. एर्सिलिया बाहेर आली, बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान. कामिल्लोच्या कोटाला ती काजं करत होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"मी निघतो. दुकान उघडं टाकून आलोय," कामिल्लो म्हणाला आणि बियांची मूठ मिटून सटकला.

"मी कामिल्लोकाकांबरोबर जाणार नाही," ती म्हणाली.

"अगं, धर्मबाप म्हणजे बापासारखाच की."

"आईच्या शवपेटीमागे मी एकटी चालले, पापा. दरवाजापासून वेदीपर्यंत. तुम्ही तिकडे होतात, आणि इथे लोक आमच्याकडे बघायलासुद्धा घाबरत होते. बाकांवर बसलेले सगळे ओळखीचे. एकजण उठून शेजारी आला नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "त्याच वाटेवरून मी पुन्हा उसन्या बापाबरोबर चालणार नाही. तुम्ही येणार नसाल तर तसं सांगा. मी ओत्तावियोला सांगते, लग्न राहू दे."

"तुला नाही कळणार ते."

"मी छावणीत भेटीला आले होते तेव्हा तुम्ही उलटे चालत गेलात."

निकांद्रोने टाचण्यांच्या उशीकडे हात नेला.

"राहू द्या टाचण्या. वेळ संपली म्हणून तुम्ही उठलात आणि माझ्याकडे तोंड करून मागे मागे गेलात. बाकाला अडखळलात. पहारेकरी हसला. घरी येऊन मी आईला सांगितलं, पापांची नजरच हलेना माझ्यावरून. आई किती रडली तेव्हा."

"खरंच होतं ते. डोळे भरून बघत होतो तुला."

"बस यायची होती म्हणून मी फाटकाबाहेर उभी होते. तारेपलीकडून तुम्ही पटांगणातून जाताना दिसलात. इतक्या माणसांत चालण्यावरून ओळखलं मी तुम्हाला. पाठ माझ्याकडेच होती."

बाहेर रस्त्यावर बर्फवाल्याची गाडी थांबली आणि पुढे गेली. निकांद्रो कापायच्या मेजाला धरून खाली बसला. इतकी वर्षं त्याला एकच समाधान होतं, की साऱ्या जगाने बघितलं असेल, पण पोरीने नाही. तेवढ्या एका समाधानावर तो तगला होता. आता तेही गेलं. त्याला फार उघडं उघडं वाटलं, भर थंडीत अंगावरचं कुणी ओढून घ्यावं तसं.

"पाठीचं आईला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

"एकटीनेच ठेवलंस?"

"तुम्हीपण एकट्यानेच ठेवलं होतंत की."

मग तिने कपाटातून काळं लोकरी कापड काढलं. असुंताने युद्धाआधी घेऊन ठेवलेलं, पोरीच्या लग्नात बापाला कोट हवा म्हणून. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून होता. तिने ते मेजावर पसरलं आणि एक टोक धरून उभी राहिली. निकांद्रोने खडू घेतला. पुढचे दोन्ही भाग सरसर कापले. पाठीच्या भागाला कात्री लावली आणि हात मध्येच थांबला. एर्सिलियाने कापड ताणून धरलं. कात्री पुन्हा चालू झाली.

शनिवारी चर्च गच्च भरलं होतं. त्या वर्षांत एर्सिलियाला टाळायला रस्ता ओलांडून पलीकडून जाणारे सगळे कोटाला फुलं खोचून आले होते. निकांद्रोने कुणाकडे बघितलं नाही. एर्सिलियाचा हात त्याच्या कोपरात होता आणि लोक नवरीकडे बघत होते, त्यामुळे वाट कशी सरली ते त्याला कळलंही नाही. वेदीपाशी त्याने तिच्या तोंडावरची जाळी वर केली, कपाळाचा मुका घेतला, हात ओत्तावियोच्या हातात दिला आणि पहिल्या बाकापाशी आला. शेजारची जागा असुंताची म्हणून मोकळी ठेवली होती.

आता फक्त वळायचं होतं. वेदीकडे तोंड, लोकांकडे पाठ.

पाय हलेनात. तो लोकांकडे तोंड करून उभाच राहिला. ऑर्गन थांबला. पाद्री थोडा खाकरला. निकांद्रोला बायकोची आठवण झाली असं लोकांना वाटलं, आणि मागच्या बाकांवरच्या बायांनी रुमाल काढले. कामिल्लो अर्धवट उठला, पण त्याच्या बायकोने त्याला कोटाला धरून खाली बसवला. निकांद्रोच्या खांद्यांच्या हाडांमध्ये, बरोबर मधोमध, ताटलीएवढी जागा थंड पडत चालली होती. पोरीच्या लग्नात आपण सोंग करतोय असं त्याला वाटत होतं, आणि तरी पाय जमिनीला शिवून टाकल्यासारखे झाले होते.

एर्सिलियाने नवऱ्याचा हात सोडला. झगा सावरत पायरी उतरून ती खाली आली.

"वळा, पापा," ती हळूच म्हणाली, दुकानात म्हणतात तशीच.

दोन्ही खांदे धरून तिने त्याला वळवलं. मग कॉलरपासून कमरेपर्यंत तळहात एकदाच फिरवला.

"छान बसलाय," ती म्हणाली आणि आपल्या जागी परत गेली.

पाद्र्याने पुस्तक उघडलं. निकांद्रो समोरच्या लाकडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मागे कुणाचं तरी पोर रडायला लागलं, कुणीतरी कुजबुजलं, एक बाक करकरलं. त्याने वळून बघितलं नाही.