कृपा करून मला पूर्ण करू नका

मी एक जुनी शिडाची नौका आहे. जुनी म्हणजे अकरा वर्षांची, आणि मित्रांनो, माझा जन्म अजून पुरता झालेला नाही. हसू नका. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या मागून आले, रांगले, चालले, शाळेत गेले, दुधाचे दात पडून त्यांना नवे दातही आले. मी मात्र अजून पहिल्या डोलकाठीपाशीच अडले आहे.

त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती ऐकवायलाच आज तुम्हाला बसवून घेतलं आहे.

माझी लांबी हातभर. खऱ्या नौकेच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून मी सुट्या तुकड्यांच्या रूपात घरी आले. आठशे चौदा लाकडी तुकडे, बारीक दोऱ्याची पाच रिळं आणि चादरीएवढा आराखडा. खोक्यावर माझं पूर्ण झालेलं चित्र होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दोन महिन्यांत तयार'. हे ज्याने लिहिलं त्याला घरदार नसावं.

माझी मालकीण कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यांवरून ती गुलाबी हिरड्या घडवते, त्यात एकेक दात बसवते, घासून चकाकी आणते. दिवसभर दुसऱ्यांच्या जेवणाची सोय लावणारी ही बाई स्वतः मात्र उभ्या उभ्या जेवते. पण तिचे हात बघाल तर बघतच राहाल. मुंगीएवढी कप्पी चिमट्यात धरून ती श्वास रोखते तेव्हा मीही रोखते.

पहिल्या वर्षी माझा कणा झाला आणि बरगड्या उभ्या राहिल्या. मग घरात मुलगी जन्माला आली आणि मी कपाटावर गेले. तिथे तीन वर्षं काढली. पुढे सासूबाई कायमच्या राहायला आल्या, कपाट त्यांच्या खोलीत गेलं आणि माझी रवानगी स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत झाली. एका भिंतीला कपडे धुण्याचं मशीन, समोरच्या भिंतीला फळी आणि फळीवर मी.

आधी मालकिणीने सरळ मार्गाने वेळ मागून पाहिला. "मी जरा नौकेचं काम करते," असं सांगून ती आत यायची. खुर्ची ओढायची. चिमटा हातात घ्यायची. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याची हाक.

"अगं, माझा मोजायचा टेप बघितलास का?"

टेप सापडतो न सापडतो तोच मुलगी.

"आई, उद्या शाळेत मला झाड व्हायचंय. हिरवं काही आहे का?"

नौकेचं काम म्हणजे घरच्यांच्या लेखी रिकामपण होतं. कोणी वाईट नव्हतं हो. हातात लाटणं असलेल्या बाईला निदान क्षणभर थांबून विचारतात, हातात चिमटा असलेल्या बाईला कोणी थांबत नाही, एवढंच.

मग एके दिवशी चमत्कार झाला. मशीन चालू करून ती माझ्याकडे वळली होती. नवऱ्याने हाक मारली आणि ती आतूनच ओरडली, "कपडे लावलेत!"

बाहेर एकदम शांतता. पुन्हा हाक नाही. कपडे म्हणजे काम, आणि जवळ गेलं तर वाळत घालायला लावतील, ही भीती घरात लहानथोर सगळ्यांना होती. त्या दिवशी माझ्या मालकिणीला सलग अठ्ठेचाळीस मिनिटं मिळाली. माझ्या डाव्या अंगाच्या चार फळ्या एका बैठकीत बसल्या!

तिथून पुढे आमच्या घराला स्वच्छतेचं वेड लागलं. उशांचे अभ्रे आठवड्यातून तीनदा. पडदे इतके धुतले गेले की त्यांतून समोरच्या घरातलं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. पायपुसणं इतकं लख्ख की पाहुणे त्यावर पाय द्यायला बिचकत. शेजारपाजारी तिचं कौतुक करायचे आणि ती बिचारी खाली मान घालायची.

मशीनचीही एक अडचण होतीच. शेवटची आठ मिनिटं ते कपडे पिळायला लागलं की फळी थरथरायची आणि माझे तुकडे फिरायला निघायचे. माझा एक नांगर असाच कुठेतरी पडला, नवऱ्याच्या विजारीबरोबर धुतला गेला, पिळला गेला आणि खिशात बसून तीन दिवस त्याच्या कामावर जाऊन आला. तेव्हापासून त्या आठ मिनिटांत ती सगळं डबीत बंद करायची आणि माझ्याकडे नुसती बघत बसायची.

जेवणाच्या सुट्टीतही ती थोडं काम उरकायची. एकदा माझी करंगळीच्या नखाएवढी बचावाची होडी तिने कामावर नेली, तिथल्या बारीक कानशीने घासून गुळगुळीत केली आणि घाईत चुकीच्या डबीत टाकली. दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला.

"बाई, दात उत्तम बसले. पण बरोबर एक होडी आलीय. ही जेवणाआधी घालायची की नंतर?"

अशी आमची चोरीछुपी गाडी सुरळीत चालली होती. ती पकडली सासूबाईंनी. एका शनिवारी सकाळी त्यांनी टॉवेलांच्या घड्या घालून खुर्चीवर ठेवल्या आणि तासाभराने तेच टॉवेल मशीनमध्ये फिरताना पाहिले. आणखी दोनदा पाळत ठेवली. मग मालकीण कामावर गेल्यावर त्यांनी मुलाला आणि नातीला माझ्या खोलीत बोलावलं.

"अरे, तुझी बायको धुतलेले कपडे पुन्हा धुते."

"कशाला?" नवरा म्हणाला.

"होडीसाठी," मुलगी म्हणाली. तिला बहुधा आधीपासून ठाऊक होतं. होडी हा शब्द मला लागतो, पण तो विषय वेगळा.

नवऱ्याने मशीनचं झाकण उघडून आत पाहिलं. "मला वाटायचं, तिला स्वच्छतेची आवड आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. माणूस मनाचा चांगला. म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला.

"आपण हे जहाज तिला पूर्ण करून देऊ," तो म्हणाला. "तिच्या वाढदिवसाला. एकदाचं तिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल."

ओझं? मी? मित्रांनो, माझं पूर्ण होणं अकरा वर्षं मी डोळ्यांपुढे रंगवलं होतं, पण त्या चित्रात हात नेहमी तिचेच होते.

"आधी तिला विचारा," सासूबाई म्हणाल्या.

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

वाढदिवस रविवारी आला. त्याच सकाळी एका गायकाची कवळी मैफिलीच्या दिवशीच दुभंगली आणि मालकिणीला तातडीने कामावर जावं लागलं. दार लागलं आणि तिघं माझ्यावर तुटून पडली.

नवरा दुकानांची शटरं बसवतो. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण माझी पुढची डोलकाठी त्याच्या मुठीत दिसेनाशीच झाली. मालकीण पांढरा गोंद वापरते, जो सावकाश सुकतो आणि चुकलं तर कोमट पाण्याने सुटतो. याने आणला झटपट चिकटणारा. पहिल्या फटक्यात त्याचा अंगठा माझ्या डेकला चिकटला आणि पाव तास आम्ही दोघं एकमेकांना सोडेनात. मग त्याने शटरासाठी वापरायची बुडबुड्याची पाणसळ लावून डोलकाठी अगदी सरळ उभी केली. फळी मुळातच तिरकी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे जगाच्या हिशेबाने डोलकाठी सरळ आणि माझ्या हिशेबाने कलंडलेली. वर त्याने माझ्या कप्प्यांना वंगणही दिलं. "आता जन्मात कुरकुरणार नाहीत," तो समाधानाने म्हणाला. त्या याआधी कधीच कुरकुरल्या नव्हत्या.

मुलीने मला रंगवलं. पुढच्या बाजूला पापण्यांसकट दोन डोळे काढले आणि मातीचे सहा खलाशी करून डेकवर बसवले. ते सगळे जेवायला बसल्यासारखे दिसत होते.

सासूबाई "मी हात लावणार नाही" म्हणून दारात बसल्या होत्या. पण ट्रकवर सामान आवळावं तशा गाठी त्यांचा मुलगा मारायला लागला, तेव्हा त्यांना राहवेना. "सरक तिकडे," म्हणून त्यांनी क्रोशाची सुई आणली आणि माझे सगळे दोर जाळीदार विणून काढले, काठाला नक्षीसकट. खरं सांगते, काम देखणं झालं होतं. पण तेच दोर बांधता यावेत म्हणून माझी मालकीण तीन वर्षं दात साफ करायच्या धाग्यावर गाठींचा सराव करत होती. ते आठवून मला रडू येत होतं.

चार वाजता मी तयार झाले. तेवीस तुकडे उरले.

"कंपनी थोडे जास्तीचे देतेच," नवरा म्हणाला.

मालकीण घरी आली. तिघं माझ्यापुढे ओळीने उभी राहिली आणि मग बाजूला झाली. तिने मला पाहिलं. मग ती हसली. मी ते हसू ओळखते. एखाद्याची कवळी बसत नसताना तो डॉक्टरांना 'छान आहे' म्हणतो, तेव्हाचं ते हसू.

"अरे वा! केवढं केलंत तुम्ही," ती म्हणाली. मुलीला जवळ घेतलं, खलाशांची चौकशी केली, सासूबाईंच्या विणीवरून बोट फिरवलं. एकाही शब्दात कुणाचं मन दुखावलं नाही. मग तिने कपाटातून एक घडीची चादर काढली, आत आली, मशीनमध्ये टाकली आणि बटण दाबलं.

मशीन फिरू लागलं. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली. चिमटा उचलला आणि खाली ठेवला. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिचे हात रिकामेच मांडीवर पडून राहिले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अकरा वर्षांत मी तिला दमलेली पाहिली होती, चिडलेली पाहिली होती, इतकी एकटी कधी पाहिली नव्हती.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"रडतेस?"

"नाही हो आई. छान झालंय."

"छान झालं म्हणून कोणी असं बसत नाही." त्या आत आल्या आणि मशीनला टेकून उभ्या राहिल्या. "हा तुझा नवरा पोटात होता तेव्हा मी याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. दवाखान्यातून घरी आले तर नणंदेने पुरा करून ठेवलेला. सगळे म्हणाले, किती गुणाची! मी तो याला एकदाच घातला, तोही फोटोपुरता. मेलं मला कळायला हवं होतं गं."

मग त्यांनी माझ्या मागच्या डोलकाठीपाशी त्यांच्या विणीचं टोक शोधलं.

"अहो आई, नको! एवढी सुरेख वीण..."

"दुपारी विणली, संध्याकाळी उसवली. काय बिघडलं?"

त्यांनी टोक ओढलं. नक्षी, जाळी, सगळं सरसर सुटत गेलं आणि त्यांच्या पायाशी दोऱ्याचा ढीग झाला. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं! आवाज ऐकून नवरा धावत आला.

"आई! काय करतेस हे? आम्ही मदत केली होती तिला!"

मालकीण रडता रडता हसायला लागली. "मदतच करायची ना? मग तो ओटा आवर, लेकीला शाळेचं काय हवं ते बघ, आणि तुझा टेप तू शोध. हे एवढं माझ्याकडे राहू दे रे. हे संपवायचं नाहीये मला. करायचंय."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कलंडलेल्या डोलकाठीकडे पाहिलं. मग वाकून मशीन बंद केलं आणि चादर पिळायला घेतली.

हे सगळं होऊन आता पाच महिने झाले. मुलीने आईच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं बरंचसं सुटलं. नवऱ्याने झटपट गोंदाने बसवलेली पुढची डोलकाठी मात्र सुटेना, ती कापावी लागली, आणि आता नवी काठी घासून घडवायची म्हणजे सहा महिन्यांचं काम वाढलं. हे सांगताना मालकिणीचा चेहरा असा उजळला होता की नवऱ्याने आपण होऊन विचारलं, "दुसरी पण कापू का?" मुलीने काढलेले डोळे तेवढे राहिले. पापण्यांची मला आता सवय झाली आहे.

घरातले सगळे एकदम शहाणे झाले, असं समजू नका. गेल्याच आठवड्यात नवरा दाराबाहेरून म्हणाला, "मी काही विचारत नाहीये हं, पण मीठ कुठे असतं?" त्यावर सासूबाईंचा आवाज आला, "शोध. चाळिशी उलटली तुझी." पडदे मात्र आता महिन्यातून एकदाच धुतले जातात.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. तुमच्या घरातही कोणी आई, काका किंवा आजोबा एखादी गोष्ट वर्षानुवर्षं करत बसलेले असतील. ती अर्धवट दिसली म्हणून तुम्हाला त्यांची दया येईल आणि ती पटकन पूर्ण करून द्यावीशी वाटेल. तसं करू नका. तयार नौका काय, दुकानातही मिळते. त्यांच्या हातचं दुसरं कुठलंही काम उचला, कितीही कंटाळवाणं असलं तरी, आणि जाताना दार ओढून घ्या.

मी कधी पूर्ण होईन, मला ठाऊक नाही. आज अर्ध्या तासात तिने एक गाठ मारली, नीट निरखून पाहिली, आवडली नाही म्हणून सोडून टाकली. आम्हा दोघींची दुपार फार छान गेली.