मी उलटा झालो नाही

मी एक जुनं लष्करी जेट विमान आहे, मित्रांनो, आणि आधीच ठणकावून सांगतो, त्या दिवशी मी आकाशात कोलांटी मारली नाही. तरुणपणी खूप मारल्या. भल्याभल्या वैमानिकांना घाम फोडला. पुढे वय झालं, निवृत्त केलं आणि भोपाळच्या एका चौकात खांबावर चढवून ठेवलं. कबुतरांनी माझ्यात संसार थाटले. लोक माझ्यासमोर फोटो काढत आणि शेंगांची टरफलं तिथंच टाकून जात.

मग एका उड्डाण क्लबानं मला खाली उतरवलं आणि इंद्रपुरीचे सुधाकर देवपुजारी हात धुऊन माझ्यामागे लागले. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, पण घरी बसवेल तर शपथ! त्यांनी माझा स्क्रू न् स्क्रू पोटच्या पोरासारखा जपला. शेवटी मला उडायची परवानगी मिळाली, पण उलटं व्हायचं नाही या अटीवर. पंखांचा कणा म्हातारा झालाय म्हणे. राग आला, पण खरं ते खरं.

पहिलं उड्डाण साकेत नगरची तरुण वैमानिक मृणाल करणार होती. निघण्याआधी सुधाकरांच्या पत्नी कमलताई तबक घेऊन आल्या. त्यांनी तिला ओवाळलं, मला ओवाळलं आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता सढळ हातानं उधळल्या. वैमानिकाच्या डोक्यावरचं माझं काचेचं झाकण उघडं होतं. काही दाणे त्याला आतून चिकटले.

आत एक दाणाही राहता कामा नये, असा नियम. कळीच्या जागी अडकला तर घात व्हायचा. सुधाकरांनी फडकं उचललं, कमलताईंच्या कपाळाकडे पाहिलं आणि फडकं परत खिशात घातलं. ‘आत सर्व स्वच्छ’ म्हणून सही करून मोकळे झाले. मृणालनंही दाणे पाहिले, हसली आणि झाकण लावलं.

तलावावरून मी झोकात वळलो, एक पंख पार आभाळाकडे गेला. बिट्टन मार्केटमधून कुणीतरी व्हिडिओ काढला, त्यात नेमका मी एका इमारतीमागे गेलो. झालं! ‘पलटी मारली’ म्हणून गावभर बोंब. मला उडायला इंधन लागतं, अफवेला तेही लागत नाही.

चौकशी बसली. चौकशीला आलेल्या साहेबांनी आत डोकावून पाहिलं तर झाकणाला तांदूळ! विमान उलटं झाल्याशिवाय तांदूळ छताला जाईलच कसा, असं ते म्हणाले. मृणालचा परवाना जाणार हे दिसतच होतं. कोलांटी मारली नाही, एवढंच ती सांगत राहिली. तांदळाबद्दल अवाक्षर नाही. माझा जीव नुसता तडफडत होता, पण मला तोंड कुठे?

सुधाकरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, गप्प का बसलीस म्हणून.

“काका, तुमचा सहीचा अधिकार जाईल,” ती म्हणाली. “मग याला हात कोण लावणार?”

सुधाकर तडक साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. तांदूळ उड्डाणाआधीचाच आहे, आमच्या घरच्यांनी टाकला, असं त्यांनी सांगितलं. ओवाळतानाचा फोटोही दाखवला. त्यात तेच दाणे त्याच जागी दिसत होते.

“देखा था, तो पोंछा क्यों नहीं?” साहेबांनी विचारलं.

“कुंकू था, साहब,” सुधाकर म्हणाले. “बीवी सामने खड़ी थी. कैसे पोंछता?”

मृणाल सुटली. सुधाकरांची सही कायमची गेली.

आता मृणाल मला मोठ्या दिमाखात उडवते. नवे लोक मला लख्ख पुसतात, तक्रारीला जागा नाही. सुधाकर दर रविवारी येतात आणि दोरीपलीकडे, प्रेक्षकांत उभे राहतात. मित्रांनो, यंत्र जपा, जरूर जपा. पण जो माणूस ते जपतो, त्याच्या एका चुकीपायी त्याला दोरीबाहेर काढू नका. मी उतरलो की ते अजून हात पुढे करतात, आणि मग आठवण झाली की मागे घेतात.