साच्यातून काढलेलं जेवण

बाबांनी बशीतल्या पावाकडे बराच वेळ पाहिलं, मान तिरकी करून कडेचा तपकिरी रंग तपासला आणि म्हणाले, "छान जमलाय. वरचं कवच जरा जास्त चकाकतंय, पण चालेल."

"बाबा, तो खायचाय. जेवण आहे तुमचं."

ते हसले. माझी थट्टा त्यांना आवडली होती. मग त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलली, पावाला धक्का लागू न देता, आणि खिडकीजवळच्या फळीवर रंग सुकायला ठेवून दिली.

आमचा धंदा खोटं अन्न बनवण्याचा. लोकांना हे सांगितलं की त्यांना आधी भेसळ आठवते, म्हणून नीट सांगते. मेणाची सफरचंदं, राळेचं सूप, प्लॅस्टरचे पाव. हॉटेलांच्या काचेमागे जे ताट कधीच शिळं होत नाही ते आम्ही करतो, संग्रहालयातल्या जुन्या स्वयंपाकघरांत जे मांडलेलं असतं तेही. रंगीत फोटो नव्हते तेव्हा बागायतीच्या अभ्यासाला फळांचे असे नमुने लागायचे. कुठलं सफरचंद कुठल्या जातीचं हे मेणावरून शिकत. या कामात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी केलेल्या मेणाच्या नासपतीला एकदा एका प्रदर्शनात एका पाहुण्याने चक्क चावा घेतला होता आणि तो दातांचा ठसा बाबांनी पुसू दिला नाही. एवढी पावती कुठे मिळणार, म्हणायचे.

आता त्याच हुशारीने त्यांना उपाशी ठेवलं होतं. त्यांचं विसरणं हळूहळू वाढत गेलं होतं. आधी गल्ल्या विसरले, मग आई गेली हे विसरले, मग मला. मी त्यांच्या लेखी कारखान्यात नव्याने लागलेली कुणी बाई होते. ज्या माणसाने मला जन्मभर "ए वेडाबाई" म्हणून हाक मारली तो आता "अहो ताई, जरा ब्रश द्याल का?" असं अदबीने विचारायचा. त्याचीही सवय झाली. सवय कशाचीही होते. पण समोर ठेवलेलं प्रत्येक अन्न त्यांना नमुना वाटायला लागलं, तेव्हा मात्र मी हात टेकले.

गरम सूप दिलं, वाफ येत होती. ते वाकून वाडग्याखाली बघायला लागले. "ओला कापूस खाली लपवलाय ना? चांगली युक्ती आहे." केळं सोलून दिलं तर सोललेल्या सालीच्या आतल्या धाग्यांचं कौतुक केलं. त्यांच्या तोंडासमोर मी स्वतः घास खाऊन दाखवला, तेव्हा ते घाबरून उठले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. "ताई, थुंका ते! रंगात शिसं असतं."

डॉक्टरीणबाईंनी त्यातलं शास्त्र समजावून सांगितलं. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू एवढ्या मोजक्याच गोष्टी कळतात. बाकी सगळी चव नाकाची असते. टर्पेंटाइन आणि रसायनं हुंगून बाबांचं नाक कधीच कामातून गेलेलं. ज्याला वासच नाही, ते अन्न डोक्याला अन्न वाटत नाही. त्यात यांचे डोळे असे शिकलेले की चांगलं दिसलं म्हणजे ते नक्की बनवलेलं. मला सगळं पटलं. पटून करायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि असे पेशंट नळी ओढून काढतात, म्हणून मग हात बांधावे लागतात. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

बाबांचे हात. मी तयारी वगैरे काही ठेवली नाही. घरी येऊन भांडी आपटली.

धाकट्या भावाचा फोन आला. तो लांब असतो आणि त्याला लांबून सगळं स्वच्छ दिसतं. "त्यांच्या आवडीचं काहीतरी करून बघ ना," म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला टोमणा कळला नाही. तोही दमलेला असेल, पण त्याच्या दमण्याचा विचार करायला माझ्यात त्राण नव्हतं.

कामही थांबवता येत नव्हतं. संग्रहालयाचं एक मोठं काम अंगावर होतं, जुन्या काळच्या साध्या माणसांची ताटं. त्यासाठी एके दिवशी मी सालीसकट बटाटे उकडले. बाबांना कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, माझ्या समोरच्या स्टुलावर बसवलं. नजरेआड केलं की ते रस्त्यावर जायचे. दातांचे डॉक्टर दातांचा ठसा घ्यायला जी पावडर वापरतात, तीच आम्ही मऊ वस्तूंच्या साच्याला वापरतो. पाण्यात कालवली की बघता बघता रबरासारखी घट्ट होते, आणि चुकून पोटात गेली तरी बाधत नाही. मी बटाटा तिच्यात बुडवला, घट्ट झाल्यावर साचा चिरून बटाटा बाहेर काढला, बाजूला ठेवला आणि साचा धुवायला वळले.

परत बघते तर बाबा बटाटा सोलत होते. सोलला, मोडला आणि एक तुकडा तोंडात टाकला.

मी जागीच उभी राहिले. हातातून पाणी गळत होतं. श्वाससुद्धा घ्यायची भीती वाटत होती.

माझ्याकडे लक्ष गेल्यावर ते जरा ओशाळले. "साचा उतरला ना ताई? मग हा माझा."

तेव्हा आठवलं. ज्या मालकाकडे बाबा आधी कामाला होते, त्याच्या कारखान्यात ही रीत होती. साच्यासाठी आणलेलं खरं फळ, खरा पाव, मासा, जे काही असेल ते, साचा नीट उतरला की मास्तरचं. तोवर त्याला कुणी बोट लावायचं नाही. बाबांच्या डोक्यात आता जगातलं सगळं अन्न खोटं होतं, पण साच्यातून निघालेलं मात्र खरं होतं. साचा खऱ्याचाच घेतात. विचार केला तर त्यांचं बरोबरच होतं.

मी त्या दिवशी खूप रडले, आनंदाने. आणि दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

कारण आता प्रत्येक घासाचा साचा घ्यायचा होता. सकाळी अंड्याचा, दुपारी पावाचा आणि बटाट्याचा, मधल्या वेळी केळ्याचा. नुसतं बुडवल्यासारखं करून चालायचं नाही. बाबा समोर बसून बघायचे. पावडर पातळ झाली की "पुन्हा भिजवा" म्हणायचे, साच्यात बुडबुडा राहिला तर नमुन्याला हात लावायचे नाहीत. काम नीट झालं तरच जेवण. जगात कुठल्या स्वयंपाकिणीला एवढा जाच झाला नसेल. फळ्या साच्यांनी भरल्या. ते वाळून आक्रसायचे आणि मी ते पोत्याने टाकून द्यायची. एकाच अंड्याचे किती साचे असावेत माणसाकडे! संग्रहालयाचं काम मागे पडलं. अंगात आलेली मरगळ झोपूनही जाईना. माझं जेवण म्हणजे उभ्याने चहा.

पण ते खात होते, आणि मी त्याच्यावर तग धरून होते.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे बघून मान हलवली तेव्हा मला वाटलं काटा बिघडलाय. वजन आणखी उतरलं होतं. "खातात म्हणता, पण अंगाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी दवाखान्यात राहायच्या तयारीनेच या."

घरी आले. बाबांना स्टुलावर बसवलं, अंगात एप्रन अडकवला आणि अंड्याचा साचा घेतला. माझी पाठ वळायची ती साचा धुताना. त्या दिवशी मी वळले आणि मला वास आला. बरेच दिवस येत असणार. मी तो नाल्याचा समजत होते. वास दाराकडून येत होता. दारामागे खुंटीला बाबांचा कामाचा जुना कोट लटकत असायचा. मी खिशात हात घातला.

रुमालाची पुडी होती. नीट घडी घातलेली, कोपरे दुमडून बंद केलेली, बाबा प्रत्येक वस्तू बांधतात तशी. आत पावाचे बुरशी आलेले अर्धे तुकडे, काळं पडलेलं अर्धं केळं, अर्धं अंडं. दुसऱ्या खिशात तशीच दुसरी पुडी. सगळं अर्धं अर्धं.

माझं डोकं फिरलं. एवढी मरमर, एवढी पावडर, आणि हा माणूस खिशात भरून ठेवतो! मी ती पुडी त्यांच्यासमोर टेबलावर आदळली. "मास्तर, हे काय आहे?"

बाबांच्या हातात आताचं अंडं होतं, मधोमध कापलेलं. त्यांनी दोन्ही अर्धुकं तळव्याखाली झाकली. मी बाबांना कुणासमोर मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, मालकांना सांगू नका. माझ्याच वाट्यातलं आहे, चोरी नाही. घरी मुलगी आहे लहान. वाट बघत बसते. तिला दिल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही."

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. रस्त्यावरून माणसं जात होती, एक बाई पिशवीतून पावाचा तुकडा मोडून चालता चालता खात होती, अगदी सहज. मला तिचा हेवा वाटला.

लहानपणी ते मला खरंच आणायचे. आमच्या घरात कधी न येणारी फळं, अर्धी कापलेली, सालीला साच्याची पांढरी भुकटी लागलेली. ती मास्तरच्या वाट्याची असतात हे मला माहीत होतं. उरलेलं अर्धं बाबांनी खाल्लं असणार असंच मी धरून चालले होते. आज पहिल्यांदा वाटलं, खाल्लं असेल का?

हे सगळं मनात येत होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा विचार नळीचा होता. बांधलेल्या हातांचा होता. मी उठले. एप्रन काढून कठड्यावर टाकला. केस सोडून हातानेच दोन भाग केले आणि मागे नेले. पांढऱ्या केसांची, गुडघे दुखणारी बाई मी. लहान मुलगी म्हणून कुणाला पटणार? पण दुसरं काही सुचत नव्हतं. दार ढकलून आत गेले आणि उंबऱ्यातच उभी राहिले.

"बाबा, माझ्यासाठी काय आणलंत?"

त्यांनी वर पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. नमुना पारखताना बघतात तसे माझ्या केसांपासून पायांपर्यंत त्यांचे डोळे फिरले आणि मला वाटलं, संपलं, पकडली गेले.

"तू कशाला आलीस गं एवढ्या लांब?" ते म्हणाले. "मी आणणारच होतो घरी." त्यांनी तळवा उचलला. "ये. हळू खा, पिवळा बलक घशात अडकतो."

मी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले आणि त्यांच्या हातातून अर्धं अंडं खाल्लं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा घास गिळून झाला तसा त्यांचाही घसा हलला. मग त्यांनी उरलेलं अर्धुकही माझ्यापुढे धरलं.

"आणखी हवं?"

मला भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि त्या अर्ध्या अंड्याने ती नुसती चाळवली गेली होती.

"नको बाबा. पोट भरलं माझं."

"नक्की?"

"नक्की. घशापर्यंत आलंय. तुम्ही खा."

बाबांनी ते अंडं खाल्लं. सगळं खाल्लं. बोटांना लागलेला बलकही चाटला. मग पावाचा तुकडा खाल्ला, त्याच्याआधी पुन्हा एकदा मला विचारून. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता घरी जा. कडेकडेने जा. मला अजून काम आहे."

मी बाहेर आले. एप्रन घातला, केस बांधले, डोळे पुसले. पुन्हा आत गेले, तेव्हा ते स्टुलावर ताठ बसून माझीच वाट बघत होते. एवढं खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"अहो ताई, कुठे होतात? माझी मुलगी येऊन गेली आत्ता. पोटभर जेवली."

"हो का?" मी म्हटलं आणि संध्याकाळच्या बटाट्यासाठी पावडर काढायला गेले.