माझ्याखाली सरकवलेलं गाठोडं

मी एक जुनी बाज आहे. बाभळीच्या लाकडाची, केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या दोरीने विणलेली आणि एका पायाने जरा लंगडी. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. त्याला माझा इलाज नाही. घरात काही लपवायचं झालं की माणसं ते माझ्याखाली सरकवतात आणि वर बसून गोड बोलतात. जन्मभर हेच पाहिल्यावर कुणाचाही स्वभाव असाच होईल.

आष्ट्याच्या अलीकडे, उसाच्या मळ्यातल्या घरासाठी इलाही सुतारांनी मला घडवलं. तानुबाई तेव्हा त्या घरात नवी सून होती. आधी मालन आणि मग लालासाहेब, तिची दोन्ही लेकरं माझ्यावरच जन्मली. दोन्ही बाळंतपणं सुखाची झाली, तशी वस्तीवर माझी कीर्ती पसरली. कुणाच्या घरी दिवस भरत आले की निरोप यायचा, "तानुबाईची बाज धाडा." मला गडी डोक्यावरून घेऊन जायचे. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर शेपा-ओव्याचा वास, आणि कुशीत मुठी मिटलेलं लेकरू. किती बाळं माझ्यावर पहिल्यांदा रडली, याची मोजदाद मी ठेवली नाही.

पुढे बायका दवाखान्यात जाऊ लागल्या. घरात लोखंडी कॉट आली आणि मी गोठ्यात गेले. माझ्यावर कांदे वाळले, कोंबड्या अंड्यांवर बसल्या, एका शेळीने माझी पायथ्याची दोरी खाल्ली. माझी आठवण कुणाला राहिली नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरला, विहिरींना पुन्हा पाणी आलं, त्यानंतरच्या एका फाल्गुनात तानुबाईने मला ओढून बाहेर काढलं. लालासाहेबाची बायको विजयमाला दुसऱ्यांदा गरोदर होती. विजयमाला सांगलीच्या कॉलेजात शिकलेली. तिची पहिली मुलगी छबी सांगलीच्या दवाखान्यात झाली होती. यावेळी उन्हाळ्यात बाळंतपण येत होतं, आणि तानुबाईचं म्हणणं होतं की घरची बाज असताना दुसरीकडे कशाला जायचं. लालासाहेब कुपवाडच्या कारखान्यात लेथवर कामाला होता. तो शनिवारी घरी यायचा आणि आई म्हणेल त्याला मान हलवायचा.

विजयमालाने पहिल्याच दिवशी मला हाताने हलवून पाहिलं. माझा एक एक सांधा दाबला. अंथरूण घातल्यावरही पहिले काही दिवस ती खाली वाकून बघायची. मला ती लगेच आवडली. आमचा स्वभाव एकच होता.

ते दिवस हळदीचे होते. मळ्यात हळद शिजवायच्या मोठ्या काहिली चुलाणावर चढल्या होत्या, शिजलेली हळकुंडं अंगणभर पसरली होती आणि छबीचे तळपाय पिवळेधमक झाले होते. दारातून अंगणातली हळद राखायला विजयमाला माझ्यावर बसायची. हातात विणकाम, पण डोळे दारावर.

तिला पहिला संशय आला तो टोपड्यावरून. छबीच्या बाळपणीचं टोपडं तिने नव्या बाळासाठी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. ते नाहीसं झालं. मग एक झबलं गेलं. मग होळीच्या दुसऱ्या दिवशी छबीच्या अंगातून काढलेला, अजून धुतलासुद्धा नव्हता असा परकर गेला.

"आत्ती, छबीचा लाल परकर पाहिलात का?" तिने सासूला विचारलं.

"उंदरानं नेला आसंल," तानुबाई सूप पाखडत म्हणाली.

"उंदीर परकर नेतात?"

"आमच्या हितलं नेत्यात. तुमच्या सांगलीचं शिकलेलं आसत्यात, त्यास्नी लाज वाटत आसंल."

विजयमाला हसली नाही. उंदीर कुठे होता ते मला माहीत होतं. टोपडं, झबलं, परकर, तिन्ही एका गाठोड्यात बांधून तानुबाईने माझ्याखाली, भिंतीच्या बाजूला, पत्र्याच्या डब्यामागे सरकवली होती. विजयमालाला आताशा वाकता येत नव्हतं, हे सासूला पक्कं ठाऊक होतं.

आणखीही गोष्टी होत्या. मालन, म्हणजे लालासाहेबाची थोरली बहीण, खंडाळ्याला दिलेली. दरवर्षी होळीला आणि हळदीच्या कामाला ती माहेरी यायची. यंदा आली नाही. विचारलं की तानुबाई विषय बदलायची. मालनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिची कूस रिकामी होती. छबीवर तिचा फार जीव. तानुबाई अलीकडे छबीला स्वतःजवळ निजवायची, स्वतःच्या हाताने भरवायची आणि भरवताना म्हणायची, "आत्याकडं म्हशी हायत्या म्हणं. मोठी विहीर हाय." चार वर्षांची पोर ती. म्हशींचं नाव काढलं की तोंड उघडायची.

विजयमाला हे सगळं ऐकायची आणि सुया थांबवायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिच्या बसण्यावरून कळायचं. एक मूल पोटात आहे, म्हणून दुसरं उचलून द्यायचं. असं तिने वस्तीवर पाहिलं होतं. जावेचं मूल जावेला, भावाचं बहिणीला. विचारायचं कुणी नसतं. आई बाळंतपणात अडकलेली असते, तेवढ्यात पोराचं बोचकं बांधलं जातं. आणि छबीचे कपडे तर एक एक करून गेलेच होते.

शनिवारी तिने नवऱ्याला माझ्यावर बसवलं. "छबीबद्दल घरात काही बोलणं झालंय का?"

"कसलं बोलणं?" लालासाहेब बुटाची नाडी सोडू लागला. ती आधीच सुटलेली होती.

"तुमच्या तोंडाकडे बघून विचारतेय."

"तुला दिवस भरत आले की असंच होतं. मागच्या वेळी नर्सवर संशय होता."

नाडी सुटलेली होती, हे तिनेही पाहिलं होतं.

मित्रांनो, गुढीपाडव्याला मालनचा नवरा मानसिंग आला. तो पलटणीत होता, सुटीवर आलेला. छबीसाठी साखरेची गाठी आणली होती, आणि पायात घालायला लाल बूट. विजयमालाने बूट हातात घेऊन छबीच्या तळव्याला लावून पाहिले. बूट छबीच्या पायाला मोठे होते. पुढच्या वर्षी यावेत असे.

जेवणं झाली. तानुबाई आणि मानसिंग हळदीच्या ढिगापलीकडे उभे राहून हळू बोलू लागले. मला ऐकू आलं नाही. मग तानुबाई आत आली, वाकली, माझ्याखाली हात घातला आणि गाठोडं ओढून पदराखाली धरलं. बाहेर मानसिंगाने छबीला खांद्यावर घेतलं होतं. "येतीस का गं आमच्याकडं? म्हशी दावतो."

विजयमाला दारात उभी राहिली. पोटावर हात, पण उंबरा अडवून.

"गाठोडं दाखवा, आत्ती."

"बाई, वाट सोड. जावयाला एस्टी गाठायची हाय."

"एस्टी दुसरी मिळेल. दाजी, छबीला खाली ठेवा."

मानसिंगाने पोरीला खाली ठेवलं. तिने पळत येऊन आईचं लुगडं धरलं. तानुबाईच्या पदराखालचं गाठोडं खाली पडून सुटलं. टोपडं, झबलं, लाल परकर. विजयमालाने ते पाहिलं, आणि ती मागे येऊन माझ्यावर बसली.

"म्हणजे खरंच होतं," ती म्हणाली. "माझी पोर तुम्ही न्यायला निघालात."

"पोर न्हाई गं, कापडंच," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मालनला दिवस गेल्यात. चौथा सरत आलाय."

मग तानुबाईने सगळं सांगितलं. मालनचं याआधी दोनदा वाया गेलं होतं. यावेळी कुणाला कळू द्यायचं नव्हतं, त्यातून घरातल्या दुसऱ्या गरवार बाईला तर मुळीच नाही. एकीचं दुसरीला बाधतं, अशी त्या घरची समजूत. आणि जगल्या-वाचल्या लेकराच्या अंगातलं कापड उशाशी ठेवलं की पोट टिकतं. पण ते कापड मागून न्यायचं नसतं. आईला न सांगता, तिच्या नजरेआड उचलायचं. तिने बघून दिलं की त्याचा गुण जातो.

"म्हणून उंदीर," विजयमाला म्हणाली.

"म्हणून उंदीर."

मला वाटलं, आता ती निवळेल. पण विजयमालाच्या डोळ्यांतला संशय गेला नव्हता. ती बुटांकडे बघत होती.

"आणि दिवस गेले नसते तर?"

तानुबाई हळदीच्या दिशेने बघू लागली. उत्तर मानसिंगाने दिलं. टोपी हातात घेऊन, मान खाली घालून. "खोटं कशाला बोलू, वहिनी. दिवाळीत बोलणं झालंतं. तुमचं बाळ झालं की छबीला खंडाळ्याला न्यायचं. बूट तवाच घेऊन ठेवल्यालं. आता दिवस टिकत्यात का ते बघून बोलणं मोडायचं हुतं."

"ह्यांना ठाऊक होतं?"

"लालासाब हुतं की. मान हलवली त्येंनी."

मित्रांनो, संशयी माणसाचा संशय खरा ठरला तर त्याला समाधान वाटतं असं लोक समजतात. तसं नसतं. विजयमालाने माझा गाता, म्हणजे बाजूची दांडी, इतकी घट्ट धरली की माझा सांधा करकरला. छबी तिच्या मांडीवर चढायला बघत होती आणि पोटामुळे मांडीच शिल्लक नव्हती.

"आत्ती," ती म्हणाली, "तुम्ही दोन लेकरं ह्या बाजेवर वाढवलीत. त्यातलं एक कुणी असं परस्पर ठरवून नेलं असतं तर?"

"हात तोडला असता," तानुबाई म्हणाली. मग स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखी थांबली. "मालनचं रडणं बघवत नव्हतं, पोरी. दुसरं काय सुचंना."

"मला विचारायचं सुचायला हवं होतं. मी नाही म्हणाले असते, पण मला विचारायला हवं होतं. इथून पुढे माझ्या मुलांचं बोलणं माझ्या माघारी होणार नाही. तेवढं कबूल करा, मग दाजींना वाट सोडते."

"कबूल."

"दाजी, तुम्ही?"

"शपथ घिऊ का?"

"नको. बूट परत न्या. तुमच्याच बाळाला होतील."

मानसिंग हसला आणि त्याचे डोळे भरून आले. पण गाठोडं तसंच उघडं पडलं होतं आणि त्याला कुणी हात लावेना. विजयमालाने आतलं कापड पाहिलं होतं. आता त्याचा गुण गेला, हे तिघांच्याही मनात होतं. विजयमालाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मालनचा होता.

तेव्हा तिने एक गोष्ट केली. तिने छबीच्या अंगातला पाडव्याचा नवा फ्रॉक काढला, साखरेने चिकट झालेला. तो माझ्या पायथ्याशी ठेवला. मग पोरीला कुशीत घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि मोठ्याने छबीला म्हणू लागली, "सांग बरं, भिंतीवर पाल कुठं आहे?" जी बाई डोळ्यात तेल घालून घर राखत होती, तिने आपण होऊन पाठ फिरवली. मागे पावलं वाजली. ती वळली तेव्हा पायथ्याशी फ्रॉक नव्हता.

"उंदीर लय झालेत," तानुबाई पुटपुटली.

वैशाखात माझ्यावर विजयमालाचं बाळंतपण झालं. मुलगी झाली. तानुबाईने बाळाला शेकलं, लालासाहेब शनिवारची वाट न पाहता आला आणि बायकोच्या नजरेला नजर न देता पाळण्याची कडी ठोकत राहिला. त्याच्याशी तिचं बोलणं सुरू व्हायला पुढे पुष्कळ दिवस लागले.

बाराव्या दिवशी छबी माझ्या दांडीला हनुवटी टेकून बाळाकडे बघत उभी होती. खूप वेळ बघून तिने विचारलं, "हिला न्यायला कोण येणार?"

एवढ्याशा पोरीने दिवाळीपासूनचं सगळं ऐकलं होतं. कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. विजयमालाच्यासुद्धा नाही.

तानुबाईने शेगडी सरकवली आणि छबीला उचलून बाळाच्या शेजारी, माझ्यावर बसवलं. "कुणी न्हाई येणार," ती म्हणाली. "तुला बी न्हाई, हिला बी न्हाई." छबीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, तेव्हा कुठे पोरीने पाय पसरले.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी बाज तुमच्या घरी असेल तर तिला उन्हात टाकू नका, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं हे, की घरातली माणसं तुमच्याकडे बघून हळू आवाजात बोलू लागली, तर छबीसारखं इतके दिवस मनात ठेवू नका. जवळ जा आणि विचारा. आणि तुम्ही मोठे झालात, तुमच्या घरात पाळणा हलला, तर आधीच्या लेकराला बाळाच्या शेजारी बसवा आणि त्याने न विचारताच सांगा, तू इथेच राहणार आहेस.