बाजारगल्लीतला निळा चौकोन

करीमभाईनं नगरपंचायतीच्या भिंतीवरल्या नकाशावर बोट टेकवलं, तसं मागून कोणीतरी ओरडलं, "बोट काढा की राव, आमचं घर झाकलं तुमी!"

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा आज पहिल्यांदा भिंतीवर लागला होता. बगीचा, नवं बसस्थानक, गावाला वळसा घालणारा रस्ता, काय नव्हतं त्यात! उदगीरलासुद्धा नसेल एवढा थाट. लोक टाचा उंचावून आपापलं घर हुडकत होते आणि सापडलं की लग्नाचा आहेर मिळाल्यागत खूश होत होते. करीमभाई गाद्या भरायच्या कामावरून तसाच उठून आला होता, भुवयांवर कापूस घेऊन.

"उमैमा, हे निळं काय हाय गं?"

बारावीतली उमैमा नकाशाच्या कडेची रंगांची यादी वाचत होती. "निळं म्हंजे दुकान, अब्बा. पिवळं घर. पांढरं म्हंजे पडीक जागा."

करीमभाईनं डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. बाजारगल्लीत एका ओळीत बावीस दुकानं. नकाशावर निळा चौकोन एकच, ओळीच्या टोकाला, त्याचा. बाकी सगळी ओळ पांढरीफेक. त्या पांढऱ्यातून अठरा मीटर रुंदीचा नवा रस्ता सरळ येत होता आणि करीमभाईच्या दारात मोठ्या रस्त्याला मिळत होता.

"अब्बा! आपलं दुकान चौकात आलं! दोन्ही अंगांनी तोंड!"

करीमभाईला हसू आवरेना. लगेच त्याची नजर शेजारी गेली. हार्डवेअरवाले ईश्वरप्पा नकाशासमोर उभे होते आणि त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं.

खरं सांगायचं तर खोड या गल्लीचीच. गेल्या साली पाहणीवाले आले, तेव्हा दुकान सांगितलं की कर वाढणार, ही अक्कल ईश्वरप्पांनीच काढली होती. "शटर खाली वढा. विचारलं तर म्हना, जुनी गोदामं हायत, पडीक." एकवीस जणांनी तसं लिहून सही ठोकली. करीमभाई मात्र त्या दिवशी एका नवरीची गादी रस्त्यावर पसरून बसला होता. कापूस काय शटरखाली लपतो? त्यानं सरळ सांगितलं, "दुकान हाय." पाहणीवाल्यानं त्याचा फोटो काढला, एक प्रत त्यालाही दिली. करीमभाईनं ती चौकट करून दुकानात लावली, आणि त्याच्या बायकोनं, बेगमबीनं, वर्षभर त्याला फाडून खाल्लं.

"सगळी गल्ली शहाणी. खरं बोलायचा मक्ता तुमी एकट्यानं घेतलता व्हय?"

नकाशा लागला त्या दिवशी मात्र बेगमबीनं शिरखुर्मा केला. ईद नाही, काही नाही. उमैमानं वहीत नव्या दुकानाचं चित्र काढलं: एका अंगाला गाद्या, दुसऱ्या अंगाला काचेचा दरवाजा, आत सोफे. करीमभाईनं काचेच्या जागी दोनदा बोट फिरवून पाहिलं. तीस वर्षं लोकांच्या गाद्या भरून त्याची पाठ मोडली होती. आता देवानं दार उघडलं होतं, तेही दोन.

तिसऱ्या दिवशी ईश्वरप्पा आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. अप्पा या दुकानात कधी आत येत नसत, बाहेरूनच हाक मारायची त्यांची पद्धत.

"करीम, हरकत घेतली म्या. साहेब म्हन्ले, तुमचीच सही हाय, पडीक म्हनून. दुकान व्हतं ह्याचा पाहणीच्या दिवसाचा पुरावा आना." अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "रस्ता मागच्या मोकळ्या माळावरून जाऊ शकतो म्हनून राहिले ते. पन पुरावा कुठून आनू? शटर तर म्याच बंद करायला लावले."

रस्ता माळावरून गेला, तर चौकही माळावर जाणार होता. हे अप्पांनाही कळत होतं, म्हणून ते मागत काहीच नव्हते. नुसते सांगून गेले.

बेगमबी भिंतीवरल्या फोटोकडे बघत होती. वर्षभर तिनं त्यात नवराच पाहिला होता, दात काढून हसणारा. आज ती चौकटीला नाक लावून मागचं बघू लागली.

"अजी, इकडं या जरा."

फोटोत करीमभाईच्या मागं सगळी ओळ दिसत होती. बावीसपैकी एकवीस शटर खाली. आणि प्रत्येक बंद शटरसमोर, पायरीला लागून, चपला. बायकांच्या, बाप्यांच्या, पोरांच्या. गिऱ्हाइकं आत बसली होती, आणि आत जाताना चपला बाहेर काढायची सवय काही सुटली नव्हती.

मागं उभ्या उमैमानं चपला पाहिल्या आणि चित्राची वही मिटली.

"खिळ्यावरून मीच काढू का तुमी काढता?" बेगमबीनं विचारलं.

करीमभाईनं एकदा त्या काचेच्या दरवाज्याच्या कोपऱ्याकडं पाहिलं, जिथं अजून नुसती भिंत होती. मग स्टूल ओढलं.

सुनावणीला साहेबांनी फोटो हातात घेतला आणि पेनाच्या टोकानं चपला मोजायला लागले. सत्तेचाळीसवर आल्यावर त्यांना हसू फुटलं.

"पडीक जागेत बरीच वर्दळ आहे हो!"

सभागृह खदाखदा हसलं. सगळ्यात मोठ्यानं अप्पा हसले आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. साहेबांनी आराखड्यावर माळाच्या बाजूनं पेन्सिलीनं रेघ ओढली आणि बजावलं, "मात्र आता कर सगळ्यांना."

"हाव साहेब, घ्या!" एकवीस जण एका दमात ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमभाई दुकानात कापूस पिंजत होता, बेगमबी खोळ शिवत होती. भिंतीवर रिकामा खिळा होता. गल्लीतली सगळी शटरं सताड उघडी होती. ईश्वरप्पा आले आणि आज हाक न मारता पायरीशी थांबले. वाकून त्यांनी चपला काढल्या, जोडीनं उजेडात मांडल्या आणि आत येऊन गादीवर मांडी घालून बसले.

"भाबी," ते म्हणाले, "च्या टाका."